चाळीस रुपयांचं पाणी: महाडच्या सत्याग्रहामागचा इतिहास

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला अस्पृश्यांची कुलाबा (आजचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. कोकणातला मार्च, हजारो माणसं आलेली, आणि प्यायला पाणी नाही. गावाच्या मधोमध चवदार तळं होतं. तिथे गावकरी पाणी भरत, मुसलमान भरत, गुरंढोरंही पीत. परिषदेला आलेल्या माणसांना मात्र काठावर पाय ठेवायची बंदी होती. शेवटी संयोजकांनी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घेतलं, तेव्हा कुठे लोकांच्या घशाला ओलावा मिळाला.

महाडचा इतिहास सांगताना आपण सरळ ओंजळीतल्या पाण्यापासून सुरुवात करतो. मला या चाळीस रुपयांपासून सुरुवात करावीशी वाटते. कारण ज्या तळ्याजवळ पाणी विकत घ्यावं लागलं, ते कायद्याने तीन वर्षांपूर्वीच सर्वांसाठी खुलं झालं होतं.

ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात एक ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा राखलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांनाही वापरता यावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. त्यानंतर तीन वर्षं काहीच घडलं नाही. ठराव दप्तरात राहिला आणि तळ्यावर पूर्वीचाच धाक राहिला. अनुदान बंद करण्याची तरतूद सुचवणारा दुसरा ठराव बोल्यांना १९२६ मध्ये आणावा लागला, यावरून पहिल्याची गत काय झाली ते कळतं.

आणि महाडच का? या मुलखातल्या महारांमध्ये पलटणीतून निवृत्त झालेले पेन्शनर बरेच होते. फौजेत लिहिणं-वाचणं शिकलेली, जग पाहिलेली ही माणसं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. त्यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली आणि १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांनी गहजब केला. पुढे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांनी परिषद भरवायचं मनावर घेतलं, त्याआधी एक अख्खी पिढी हे बी पेरून गेली होती. अनंतराव चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सवर्ण सहकारीही सोबत होते.

सार्वजनिक जागेच्या हक्कासाठी शांततेने उभं राहायचं, ही वाट देशात नवी नव्हती. त्रावणकोरात वायकोमच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांसाठी १९२४-२५ मध्ये मोठा सत्याग्रह झाला होता आणि डॉ. आंबेडकरांचं त्याकडे बारीक लक्ष होतं. ‘सत्याग्रह’ हा शब्द गांधीजींचा. महाडला तो वापरला गेला, पण त्यामागे अहिंसेचं निरपवाद व्रत नव्हतं. आंबेडकरांनी अहिंसा मार्ग म्हणून निवडली, आणि निवडल्यावर ती किती कठीण वेळी पाळली हे पुढे दिसतं.

२० मार्चला परिषदेचं काम आटोपत आलं असताना चित्र्यांनी सुचवलं की तळ्यावर जाऊ या. रांगेने, शिस्तीने मिरवणूक निघाली. बाबासाहेब तळ्यात उतरले, पाणी प्यायले. त्यांच्यामागून लोक प्यायले आणि मंडपाकडे परतले. हाणामारी नाही, शिवीगाळ नाही.

दोनेक तासांत गावात अफवा उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार. जमाव काठ्या घेऊन मंडपावर चालून आला. लोक जेवत होते. अन्न मातीत मिसळलं, भांडी फुटली, सुमारे वीस जण गंभीर जखमी झाले. परतीच्या वाटेवर गाठूनही माणसांना मारलं. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला.

बाबासाहेब तेव्हा सरकारी बंगल्यात उतरले होते. तिथे त्यांच्याभोवती जमलेल्यांत पलटणीतले गडी होते, हत्यार चालवायला शिकलेले. आपल्या बायकापोरांवर हात पडलेला, डोळ्यांत रक्त उतरलेलं, आणि सगळे एका शब्दाची वाट पाहत थांबलेले. तो शब्द मिळाला असता तर महाडला त्या संध्याकाळी काय झालं असतं ते सांगायला नको. बाबासाहेबांनी त्यांना थोपवलं, शांत राहायला सांगितलं, आणि ते राहिले. मारता येत असून हात आवरणारी ही माणसं होती. त्यांतल्या बहुतेकांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत, याची मला खंत वाटते.

हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. इकडे सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ करून घेतलं: १०८ घागरी पाणी उपसून, गोमूत्र, शेण, दूध, दही ओतून. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

मग डिसेंबरात पुन्हा महाड. या वेळी थेट सत्याग्रह परिषद. सवर्णांनी जागा दिली नाही, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. गावातले दुकानदार माल देईनात, म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला. बाबासाहेब मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला आले. मंडपात गांधीजींचा फोटो लावलेला होता. २५ डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं, की हे पाणी प्यायलो नाही म्हणून आपण आजवर मेलो नव्हतो. आपण जातोय ते इतरांसारखीच माणसं आहोत हे ठरवायला. त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

पण खरी कसोटी तळ्यावर जाण्याची होती. काही सवर्णांनी आधीच दावा लावून १४ डिसेंबरला न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता: तळं खाजगी आहे, यांना रोखा. जवळजवळ चार हजार लोकांनी तुरुंगात जायच्या तयारीने नावं नोंदवली होती. कलेक्टरने परिषदेत येऊन हुकूम न मोडण्याची विनंती केली. लोक ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते आणि त्यांना परत फिरायला सांगणं हे कुठल्याही पुढाऱ्याला जड जावं असंच होतं. बाबासाहेबांनी ते सांगितलं. निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब झाला. मिरवणूक निघाली, तळ्याजवळून गेली आणि पाण्याला हात न लावता परतली. मार्चमध्ये पाणी पिण्याइतकंच, माझ्या मते त्याहूनही अधिक, धैर्य त्या न प्यायलेल्या पाण्यात आहे. सनातनी आणि सरकार दोघांशी एकाच वेळी झुंजण्याऐवजी लढाई न्यायालयात नेली गेली.

त्याची किंमत होती वेळ. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाने १९३३ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ हा तो खटला. बंदीची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. उच्च न्यायालयात निकाल देणारे न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड. १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश तेच.

दरम्यान नाशिकला २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह दादासाहेब गायकवाडांनी पाच वर्षं चालवला. दगड खाल्ले, तुरुंग भोगला, पण दार उघडलं नाही. तळ्यासाठी कायद्याचा आधार होता, तसा देवळासाठी नव्हता. समोरच्याचं मन पालटण्यावर किती काळ विसंबायचं, हा प्रश्न तिथे उघडा पडला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली.

राज्यघटनेचा मसुदा त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने केला. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात भेदभावाची मनाई सांगताना विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते अशी नावं घेतली आहेत, आणि पुढे अट आहे ती पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून राखलेल्या जागांची. बोल्यांच्या १९२३ च्या ठरावातही तीच होती.