पडदा ‘मेलेला’ नसतो

रेटिनायटिस पिग्मेंटोसा या दृष्टी हिरावणाऱ्या आनुवंशिक आजारात डोळ्याचा पडदा मरतो आणि त्यावर विद्युत-स्पंद देणारी चिप (इम्प्लांट) बसवली की पूर्वीसारखं दिसू लागतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. दोन्ही चूक. मरतात त्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी. मेंदूकडे संदेश धाडणाऱ्या गँग्लियन पेशी बऱ्याच टिकतात, पण गप्प बसत नाहीत. अशाच आजाराच्या उंदरांमध्ये मिट्ट काळोखातही पडद्यात सेकंदाला साधारण ५ ते १० विद्युत-लाटा उठतात. म्हणजे इम्प्लांटला बोलायचं ते भर बाजारातल्या कलकलाटात! त्यात, अमेरिकेत २०१३मध्ये मंजूर झालेल्या ‘आर्गस २’ या इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड, म्हणजे स्पंद देणारे बिंदू, अवघे ६० होते. त्यातून दिसायचे ते प्रकाशाचे ठिपके, दाराची चौकट, काहींना मोठी अक्षरं. ओळखीचा चेहरा नाही. उंदरांच्या पडद्यावर मात्र औषधाने या लाटांची लय दाबून मग विद्युत-स्पंद दिले, तेव्हा पेशींचा प्रतिसाद जास्त स्पष्ट मिळाला.