क्वेर्सेटिन

क्वेर्सेटिन हे फ्लेव्होनॉल गटातील पिवळे, पाण्यात जवळजवळ न विरघळणारे वनस्पतिजन्य संयुग आहे. त्याच्या रेणूत १५ कार्बन, १० हायड्रोजन व ७ ऑक्सिजन अणू असतात. कांदा, केपरच्या कळ्या, सफरचंदाची साल, चहा आणि बकव्हीट (कुट्टू) हे त्याचे परिचित स्रोत होत. ओकच्या सालीपासून पिवळा रंग काढण्याचा व्यवसाय अठराव्या शतकात भरभराटीला आला, तोही याच संयुगाच्या जोरावर.

वनस्पतीत ते सहसा शर्करेशी जोडलेले, म्हणजे ग्लायकोसाइडच्या रूपात असते आणि शोषण किती होणार हे बरेचसे त्या शर्करेवर ठरते. कांद्यातील ग्लुकोजयुक्त रूपे लहान आतड्यातच तुटून लवकर शोषली जातात. बकव्हीटमधील रुटिन हे क्वेर्सेटिनचेच दुसरे ग्लायकोसाइड मात्र मोठ्या आतड्यापर्यंत जाते, तेथील जिवाणू त्याची शर्करा वेगळी करतात, आणि म्हणून ते उशिरा व कमी प्रमाणात रक्तात पोहोचते. पुढे आतड्याची भित्ती व यकृत या रेणूला ग्लुकुरोनिक आम्ल, सल्फेट किंवा मिथिल गट जोडतात. परिणामी रक्तात मुक्त क्वेर्सेटिन जवळजवळ सापडतच नाही.

त्याच्या गुणांची चर्चा करताना नेमकी हीच बाब नजरेआड होते. परीक्षानलिकेत क्वेर्सेटिन मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) निष्प्रभ करते, मास्ट पेशींतून (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींतून) हिस्टामिन हे ॲलर्जीची लक्षणे निर्माण करणारे रसायन बाहेर पडणे रोखते, दाह वाढवणारे पेशीसंकेत मंदावते. परंतु अशा प्रयोगांत बहुधा लिटरला १० ते १०० मायक्रोमोल मुक्त संयुग वापरतात. आहारातून रक्तात येणारे प्रमाण सामान्यतः १ मायक्रोमोलच्याही खाली राहते, शिवाय प्रतिऑक्सिडीकरण करणाऱ्या हायड्रॉक्सिल गटांपैकी काही चयापचयात झाकले गेलेले असतात. ऊतींमध्ये काही विकर (एन्झाइम) ग्लुकुरोनिक आम्ल पुन्हा सोडवतात, त्यामुळे परिणाम शून्य मानता येत नाही. पण पेशींवर दिसलेले सारे माणसातही घडते असे म्हणणे उतावळेपणाचे आहे.

माणसांवरील चाचण्यांत त्यातल्या त्यात भरवशाचा निष्कर्ष रक्तदाबाचा आहे. रोज ५०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रेत तो किंचित उतरलेला आढळतो. औषधाची जागा घेण्याइतका नव्हे. ॲलर्जी व विषाणुसंसर्गाबाबतचा पुरावा तुटपुंजा आहे. कर्करोगावरील उपचार म्हणून त्याची जाहिरात करणे तर सरळ दिशाभूल ठरते.

जिवाणूंवरील चाचणीत क्वेर्सेटिन उत्परिवर्तनकारक, म्हणजे जनुकांत बदल घडवणारे, ठरले होते. तथापि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला गट ३ मध्ये, म्हणजे मानवातील कर्ककारकतेबाबत वर्गीकरण न करता येणाऱ्या पदार्थांत ठेवले. अन्नातील प्रमाणाबद्दल चिंतेचे कारण नाही. पूरक गोळ्यांची मात्रा मात्र आहारातील प्रमाणाच्या कित्येक पट असते. यकृतातील औषध-चयापचयाचे विकर आणि पी-ग्लायकोप्रोटीन (औषधे पेशींबाहेर काढणारे प्रथिन) यांवर क्वेर्सेटिनचा परिणाम होऊ शकतो, म्हणून वॉरफॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) किंवा सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) घेणाऱ्यांनी अशा गोळ्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. गर्भावस्थेत व मूत्रपिंडाच्या विकारात त्या टाळणे इष्ट.