ऑलिम्पिक की टायटॅनिक? गोल खिडक्या मोजणं आधी थांबवा

टायटॅनिक बुडालीच नाही, विम्यासाठी तिच्या जागी ऑलिम्पिक बुडवली, ही थिअरी दर काही महिन्यांनी कुणीतरी नव्याने शोधल्यासारखी पाठवतं. टायटॅनिकची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती परत सांगत नाही. ऑलिम्पिक म्हणजे तिची थोरली बहीण, बेलफास्टच्या त्याच यार्डात बांधलेली, सप्टेंबर 1911 मध्ये हॉक या युद्धनौकेशी टक्कर होऊन जखमी झालेली. थिअरी म्हणते ती मोडीतच निघाली होती म्हणून अदलाबदल केली. मोडीत कसली, नोव्हेंबरात ती परत प्रवासी नेत होती. आणि विमा साधारण 10 लाख पौंडांचा, जहाजाचा खर्च जवळपास 15 लाखांचा, असला घाट्याचा घोटाळा कोण करेल?

आता मुद्द्याचं. सगळे अडकतात ते पुढच्या बाजूच्या सी डेकवरच्या (डेक म्हणजे जहाजाचा मजला, वरून खाली ए, बी, सी) गोल खिडक्यांवर. ऑलिम्पिकला 14, टायटॅनिकला 16, आणि टायटॅनिक पाण्यात सोडतानाच्या फोटोत 14 दिसतात, झालं, पकडली चोरी! अरे बाबा, मे 1911 मध्ये पाण्यात सोडला तो नुसता सांगाडा होता, त्यानंतर दहा महिने काम चाललं आणि त्यात दोन खिडक्या वाढल्या. पुढे ऑलिम्पिकलाही 16 केल्या. म्हणजे हा आकडा फोटो कधीचा आहे ते सांगतो, जहाज कुठलं ते नाही.

जहाज ओळखायचं तर बी डेक बघा. ऑलिम्पिकला तिथे कडेने फिरायला मोकळी जागा होती, म्हणून खिडक्या सारख्या अंतरावर. टायटॅनिकमध्ये तीच जागा केबिनमध्ये घेतली, त्यामुळे खिडक्या कुठे दाट कुठे विरळ, आणि समुद्रतळाशी पडलेल्या जहाजावरही तसंच दिसतं. हे रात्रीतून रंग मारून होत नाही, आतली अख्खी मांडणी बदलावी लागते, आणि मार्च 1912 मध्ये ऑलिम्पिक प्रोपेलरच्या, म्हणजे जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या, दुरुस्तीला बेलफास्टला आली ती मोजून काही दिवस. वरचा ए डेक तर त्याहून सोपा, टायटॅनिकचा पुढचा अर्धा भाग निघण्याआधी काचा लावून बंद केला होता, ऑलिम्पिकचा 1935 मध्ये भंगारात जाईपर्यंत उघडाच.

मला जास्त राग येतो तो टायटॅनिक म्हणून ऑलिम्पिकचा फोटो छापणाऱ्यांचा. निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

समुद्रतळाच्या जहाजाच्या प्रोपेलरवरचा 401 आकडा मात्र पुरावा म्हणून पुढे करू नका, तो टायटॅनिकचाच यार्ड नंबर, म्हणजे यार्डाने जहाजाला दिलेला क्रमांक आहे, पण हॉकच्या धडकेनंतर ऑलिम्पिकच्या दुरुस्तीला टायटॅनिकचा शाफ्ट, म्हणजे प्रोपेलर फिरवणारा दांडा, वापरला होता, त्यामुळे समोरचा लगेच म्हणणार, प्रोपेलरचं पातंही टायटॅनिकवरूनच आलं. बी डेकच्या खिडक्यांना असलं उत्तर नाही.