वसईची मोहीम आणि माहीमची खाडी

भाईंदर सुटले की विरार लोकल खाडीपुलावर येते. डावीकडे, खाडीच्या मुखाशी वसईचा किल्ला आहे. चिमाजी आप्पा म्हटले की मुंबईकराला आठवते ती एकच गोष्ट: किल्ला हाती येत नसेल तर माझे मस्तक तोफेच्या तोंडी देऊन आत उडवा. आख्यायिका जोरकस आहे खरी, पण तिने दोन वर्षांची मोहीम एका वाक्यात उरकून टाकली.

आप्पा हे बाजीरावांचे धाकटे बंधू, प्रकृतीने नाजूक. तरी १७२८ मध्ये अमझेऱ्याला माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर त्यांच्याच फौजेपुढे पडला आणि १७३६ मध्ये अलिबागेजवळ जंजिरेकरांचा सरदार सिद्दी सात मारला गेला. त्यानंतर पाळी फिरंग्यांची.

वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. त्यांच्या धार्मिक जाचाला कंटाळलेली अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी स्थानिक मंडळी पुण्याशी संधान बांधून होती. ठाण्याचा नवा कोट पुरा व्हायच्या आतच, मार्च १७३७ मध्ये, मराठ्यांनी तो घेतला आणि साष्टीत पाय रोवले. साष्टी म्हणजे आजची वांद्र्यापासून दहिसर-ठाण्यापर्यंतची उपनगरे.

इथे नावांचा घोळ होतो. या मोहिमेतले माहीम हे पालघरकडचे केळवे-माहीम आणि धारावी म्हणजे उत्तनजवळचा डोंगर. मुंबईतल्या माहीम-धारावीशी त्यांचा संबंध नाही. जानेवारी १७३९ मध्ये केळवे-माहीम आणि तारापूर पडले. तारापुरास बाजी भिवराव रेठरेकर कामी आले.

मग वसईला मोर्चे लागले. त्याच वसंतात नादिरशहा दिल्लीत कत्तल करत होता, आणि मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे हे उत्तरेचे सरदार मात्र वसईच्या चिखलात अडकलेले. आप्पांवर केवढा ताण असेल! वेढा उठवला असता तर पावसाळ्यानंतर सारे पहिल्यापासून. तटाखाली सुरुंग लावले. काही उडाले, काही आपल्याच माणसांवर उलटले. अखेर बुरूज ढासळला आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला सोडायचे कबूल केले. फौजेला हत्यारांसह, नगारे वाजवत जाऊ दिले. मागे राहणाऱ्यांना धर्माचरणाची मोकळीक दिली. एवढे रक्त सांडल्यावर अशा अटी देणे, यात मला आप्पांचा मुत्सद्दीपणा तोफेच्या गोष्टीपेक्षा अधिक दिसतो.

खरी धांदल उडाली ती इंग्रजांच्या मुंबईत. माहीमच्या खाडीपलीकडे आता थेट मराठे. ईस्ट इंडिया कंपनीने कॅप्टन इंचबर्डला वसईला आप्पांकडे आणि गॉर्डनला साताऱ्याला शाहू महाराजांकडे पाठवले. जुलै १७३९ मध्ये तह होऊन इंग्रजांना पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची मुभा मिळाली. तरी धास्ती जाईना. फोर्टाभोवती खंदक खणायला घेतला, त्याला शहरातल्या व्यापाऱ्यांनीही वर्गणी दिली.

आप्पांनी खाडी ओलांडली नाही. पुढच्या एप्रिलमध्ये रावेरखेडीला बाजीराव गेले, डिसेंबर १७४० मध्ये आप्पाही. वय जेमतेम तेहेतीस. त्यांचे चिरंजीव सदाशिवराव, पानिपतचे भाऊसाहेब, तेव्हा दहा वर्षांचे होते.

वांद्रे, वेसावे, ठाणे त्यानंतर पस्तीस वर्षे मराठ्यांकडे राहिले. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस, पेशवाईत भाऊबंदकी पेटलेली असताना, इंग्रजांनी ठाण्याचा कोट घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली.