बोटावर ९८, तरी आबा शुद्धीवर का नाहीत?

कोरोनाच्या लाटा ओसरल्या, पण विदर्भातल्या कितीतरी घरांत ऑक्सिमीटर मागे राहिलं. काही घरांत ऑक्सिजनचं मशीनही आलं. घरात जुना दमेकरी म्हातारा असेल तर नातवंडंसुद्धा आकडा वाचतात. ८८ आला की सगळ्यांचे चेहरे उतरतात, मशीनचा नॉब वाढवला जातो आणि ९८ आला की घर निर्धास्त होतं. हा निर्धास्तपणा कधीकधी जिवावर बेततो.

बोटावरचं यंत्र लाल आणि अवरक्त प्रकाश टाकून हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती बसलाय तेवढं ओळखतं. श्वासाचं दुसरं काम त्याला दिसतच नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातही मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो छातीच्या भात्याने बाहेर फेकावा लागतो. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असतो. भाता थकला की तो चढतो, रक्त आम्लधर्मी होतं आणि मेंदूवर गुंगी येते.

आपल्याकडे भाते थकायला कारणं भरपूर. बिडी आहेच, पण आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या बायकांनाही सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार) होतो, कारण बंद सैपाकघरात पऱ्हाट्या नि तुराट्यांचा धूर त्यांनी चाळीस-चाळीस वर्षं गिळलेला असतो. अशा काही रुग्णांना वारेमाप ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो. ‘श्वास घ्यायची प्रेरणाच जाते’ हे त्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण अपुरं आहे. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या शरीराने शहाणपणाने आवळून धरलेल्या असतात. जास्तीचा ऑक्सिजन त्या सैल करतो आणि रक्त नको त्या भागात फिरत राहतं. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइडला नीट धरून ठेवत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ४०५ रुग्णांवर झालेली चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. खात्रीने सीओपीडी असलेल्यांपैकी रुग्णवाहिकेत भरपूर ऑक्सिजन मिळालेले ९ टक्के दगावले, मोजून-मापून मिळालेले २ टक्के. म्हणून अशा रुग्णांत लक्ष्य ८८ ते ९२ ठेवतात. म्हणजे नातवाला भिववणारा तो ८८ आबांसाठी चालण्यासारखा असू शकतो.

सकाळी डोकं ठणकणं, दिवसा पेंग, गरम हात, असंबद्ध बोलणं या खुणा घरातही कळतात. हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगा. ते फडफडले तर दवाखाना गाठा. पण ‘आबा आज मस्त झोपले हायेत’ असं म्हणून ही गुंगी सोडून दिली जाते.

खरी मोजणी मनगटाच्या धमनीतल्या रक्ताची. अडचण अशी की सिरिंजमधल्या पेशीही जिवंत असतात. त्या ऑक्सिजन खातात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून नमुना अर्ध्या तासाच्या आत तपासलेला बरा. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या पलीकडे. नमुना पाठवणं निरर्थकच.

मग साध्या लॅबमध्ये मोजता येणारं बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातलं आम्ल मारणारा क्षार, कामी येतं. कार्बन डायऑक्साइड बरेच दिवस साठत असेल तर मूत्रपिंडं ते वाढवून तोल सांभाळतात. १९५२ साली कोपनहेगनच्या पोलिओ साथीत हाच वाढलेला आकडा डॉक्टरांनी उलटा, रक्त अल्कधर्मी झाल्याची खूण म्हणून, वाचला होता. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ओळखलं की रोग्यांच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठतोय. त्यानंतर वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून हाताने फुगा दाबत रोग्यांना श्वास देत राहिले.

कॅप्नोग्राफ हे यंत्र उच्छ्वासातला वायू थेट मोजतं, कारण कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटरचे अवरक्त किरण शोषतो. खराब फुप्फुसात त्याचा आकडा रक्तापेक्षा कमी येतो. पण चढतोय की उतरतोय हे समजतं. माझ्या मते तालुक्याच्या दवाखान्यात त्याची गरज मण्यार चावलेल्या रुग्णालाही आहे. विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडत जातात, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असल्याने बोटावर ९८ दिसत राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड भरत जातो. यंत्र नसेल तर एका दमात किती आकडे म्हणता येतात ते दर थोड्या वेळाने पाहावं. वीसवरून आठवर आला, तर वाढीव ऑक्सिजनने भागत नाही. अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याचा फुगा, दाबावी लागते. सीओपीडीत हेच काम मास्कमधून दाबाने हवा देणारं बायपॅप यंत्र करतं.

आणि हे वाचून कुणी आबांची नळी एकदम काढू नये. साठलेला कार्बन डायऑक्साइड लगेच उतरत नाही, ऑक्सिजन मात्र झपाट्याने खाली जातो, कधी आधीपेक्षाही खाली. प्रवाह हळूहळू, डॉक्टरांच्या नजरेखाली कमी करायचा असतो. पुढच्या दवाखान्यात नेताना चिठ्ठीवर किती लिटर, किती वाजल्यापासून, हे लिहून घ्यावं.