राक्षसांची हाडं: पुराकथांमागचं विज्ञान शोधणाऱ्या एड्रियन मेयर

गरुडाची चोच, सिंहाचं अंग आणि काम सोन्याची राखण. ग्रीकांच्या या ग्रिफिनचा उगम डायनोसॉरच्या सांगाड्यात आहे, असं हल्ली माहितीपटांत आणि मुलांच्या पुस्तकांत बिनदिक्कत सांगितलं जातं. मध्य आशियातल्या वाळवंटात सोनं शोधणाऱ्या भटक्यांना प्रोटोसेरॅटॉप्स या डायनोसॉरचे सांगाडे दिसले असतील, असा त्यामागचा तर्क. या प्राण्याला चोच होती, चार पाय होते, मानेमागे हाडाची झालर होती. हा तर्क मांडला प्राचीन विज्ञानाच्या इतिहासकार एड्रियन मेयर यांनी, १९८९मध्ये. २०००मध्ये त्यांचं जीवाश्मांवरचं पुस्तक आलं आणि ग्रिफिन त्यांच्या नावाला कायमचा चिकटला.

मोठी हाडं आणि राक्षसांच्या गोष्टी यांची सांगड त्याआधीही घातली गेली होती. हत्तीच्या काही जाती पृथ्वीवरून कायमच्या नाहीशा झाल्या, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध करणाऱ्या जॉर्ज क्यूव्हिए यांनी जुन्या ग्रंथांतल्या महाकाय हाडांच्या नोंदी वेचून ठेवल्या होत्या. १९१४मध्ये ऑस्ट्रियाचे जीवाश्मतज्ज्ञ ओथेनिओ आबेल यांनी सिसिलीच्या गुहांतल्या बुटक्या हत्तींकडे बोट दाखवलं. हत्तीच्या कवटीत सोंडेच्या जागी मधोमध मोठं भोक असतं. ते डोळ्याची खोबण वाटलं की ग्रीक कथांतला एकाक्ष राक्षस तयार. पुढे १९६८च्या सुमारास भूवैज्ञानिक डोरोथी व्हिटालिआनो यांनी भूकंप, ज्वालामुखी आणि दंतकथा यांचं नातं तपासणाऱ्या अभ्यासाला ‘जिओमायथॉलॉजी’ हे नाव दिलं.

मेयर यांचं वेगळेपण असं की ग्रंथांकडून त्या जमिनीकडे गेल्या. ग्रीक-रोमन साहित्याचे पंडित ज्या ओळी भाबडेपणा म्हणून ओलांडून जात, तिथेच त्या थांबल्या. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की ग्रीसमधल्या तेगिया गावात विहीर खणताना एका लोहाराला सात हात लांबीची शवपेटी सापडली. स्पार्टावाल्यांनी आतली हाडं वीर ओरेस्टिसची म्हणून पळवून नेली. रोमन सम्राट ऑगस्टसने काप्रीच्या आपल्या हवेलीत ‘राक्षसांची हाडं’ जमवली होती, असं त्याचा रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. आता ही ठिकाणं आणि आजच्या उत्खननांचे नकाशे शेजारी ठेवले, तर बऱ्याच ठिकाणी मॅमथ आणि मास्टोडॉन हे हत्तीचे नामशेष भाईबंद, प्राचीन जिराफ यांचे अवशेष सापडलेले दिसतात. म्हणजे हाडं खरी होती, फक्त मालक चुकला होता.

यातला मला सर्वांत आवडणारा प्रसंग रोमन सम्राट तिबेरियसचा. भूकंपात जमीन दुभंगली, आत प्रचंड देह दिसले आणि त्यातला फूटभराहून लांब दात सम्राटाकडे पाठवण्यात आला. बाकीचा वीरही आणू का, अशी विचारणा झाली. मृताची विटंबना नको आणि कुतूहलही शमायला हवं, म्हणून त्याने पुल्खर नावाच्या भूमितीज्ञाला बोलावलं. पुल्खरने दाताच्या प्रमाणात चेहरा घडवून दाखवला आणि दात परत रवाना झाला. ही हकीकत फ्लेगॉन या लेखकाची. चेहरा माणसाचा घडवला हे खरं. पण एका अवयवावरून सबंध देहाचा हिशेब मांडण्याची रीत जीवाश्मतज्ज्ञाचीच आहे.

ग्रिफिनचं मात्र तितकं जमत नाही. २०२४मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठाच्या मार्क विटन आणि रिचर्ड हिंग यांनी हा तर्क बारकाईने तपासला. प्रोटोसेरॅटॉप्सची हाडं जिथे सापडतात, तिथून प्राचीन सोन्याच्या जागा शेकडो किलोमीटर दूर आहेत. वाळूतून वर आलेला सांगाडा सहसा अर्धवटच दिसतो. शिवाय पक्षिमुखी सिंह इजिप्त-मेसोपोटेमियाच्या कलेत इसवी सनापूर्वी चौथ्या सहस्रकापासून आहे, ग्रीकांच्या कितीतरी आधी. मला हे आक्षेप पटतात. मेयर यांची सर्वांत गाजलेली कल्पनाच त्यांची सर्वांत कच्ची कल्पना आहे.

भक्कम काम अमेरिकेतलं. आदिवासींना हाडं सापडली असतील, पण विज्ञानाच्या इतिहासात ती मोजायची नाहीत, असा जॉर्ज गेलर्ड सिम्प्सन यांच्यासारख्या दिग्गज जीवाश्मतज्ज्ञाचा १९४०च्या दशकातला सूर होता. मेयर यांनी २००५च्या पुस्तकात त्यालाच हात घातला. १७३९मध्ये ओहायो नदीकाठची जी मास्टोडॉनची हाडं पुढे पॅरिसला पोहोचली, ती फ्रेंच तुकडीच्या छावणीत आणली होती मूलनिवासी शिकाऱ्यांनी. अठराव्या शतकातच साउथ कॅरोलायनातल्या स्टोनो इथे दलदलीत मॅमथचे मोठे दात निघाले. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी ते हत्तीच्या दाढा म्हणून लगेच ओळखले. ही नोंद निसर्गअभ्यासक मार्क केट्सबी यांनी केली आहे. मॅमथ म्हणजे हत्तीचाच गोतावळा, हे युरोपातल्या विद्वानांना नीट सांगता यायला आणखी काही दशकं जावी लागली.

मेयर यांच्या मांडणीत भारतही येतो. अपोलोनियस या तत्त्वज्ञाच्या चरित्रात ग्रीक लेखक फिलोस्ट्रॅटस लिहितो, की भारतात पर्वताच्या पायथ्याशी पाराका नावाचं नगर आहे आणि तिथे ड्रॅगनांच्या कवट्या जपून ठेवल्या आहेत. त्या शिवालिक टेकड्यांतल्या जीवाश्म कवट्या असाव्यात, असं मेयर म्हणतात. याच टेकड्यांतून ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली यांनी १८३०च्या दशकात ढीगभर हाडं काढली आणि एका अजस्र जिराफवर्गीय प्राण्याला शिवाचं नाव दिलं: शिवाथेरियम.

महाराष्ट्रात असं काही शोधायचं तर भूगोल आडवा येतो. गडचिरोलीतल्या सिरोंचाकडे डायनोसॉरची हाडं मिळाली आहेत, पण राज्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याखाली आहे. काळ्या कातळात राक्षसाची मांडी कुठून सापडणार? माझा आपला अंदाज असा, की ‘एवढं मोठं कुणाचं?’ हा प्रश्न आपल्याकडे हाडांपेक्षा कोरीव गुहांपुढे जास्त पडला. नाशिकच्या बौद्ध लेण्यांची पांडवलेणी झाली ती बहुधा त्यातूनच.