जेजूच्या लाव्हा-गुहा: मास्तर, मशाली आणि बंद ठेवलेली दारं

वेरूळचं कैलास लेणं ज्या काळ्या दगडात कोरलं, तोही कधीकाळी लाव्हाच होता, हे आपण शाळेच्या भूगोलात वाचलेलं असतं. तरी मराठवाड्यातून गेलेल्या माणसाला दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या मांजांग गुहेत उभं राहिल्यावर पहिला प्रश्न पडतो तो 'ही कुणी कोरली?' हाच. आपल्याकडे लेणं आधी कुणाच्या तरी मनात आलं आणि मग दगडात उतरलं. मांजांगची साडेसात किलोमीटरच्या आसपास लांबीची, काही ठिकाणी वीस मीटरहून उंच पोकळी मात्र कुणीच कोरलेली नाही. लाव्हा वाहून गेला आणि त्याची वाट तेवढी मागे उरली.

बेटाच्या ईशान्येला गोमुन ओरुम नावाची ज्वालामुखीची टेकडी आहे. ओरुम म्हणजे छोटी ज्वालामुखी टेकडी, आणि अशा साडेतीनशेहून अधिक टेकड्या जेजूवर आहेत. गोमुन ओरुममधून निघालेला पातळ लाव्हा उताराने सुमारे तेरा किलोमीटर समुद्राच्या दिशेने गेला. दुधावर साय धरावी तसा त्याचा वरचा थर हवा लागून घट्ट झाला आणि आतला रस वाहतच राहिला. मागून येणारा पुरवठा थांबला तशी नळी रिकामी झाली. भिंतींवरच्या आडव्या रेघा लाव्हाची पातळी कशी उतरत गेली ते दाखवतात. छतातून खालच्या मजल्यावर ओघळून थिजलेला एक खांब ७.६ मीटर उंच आहे. या गुहा लाखो वर्षांच्या असाव्यात असं पूर्वी मानत, पण नव्या कालमापनाने त्यांचं वय दहा हजार वर्षांच्या आत आणलं आहे. आपल्या दख्खनच्या कातळाचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या पुढे जातं, त्यापुढे हे कालचंच. जेजूच्या उद्रेकांच्या तर लेखी नोंदीही आहेत, १००२ आणि १००७ सालच्या.

या दगडाने बेटाचं जगणंही ठरवलं, आणि ते विहिरी खणणाऱ्या आपल्या मुलखाला चटकन कळेल. जेजूवर पाऊस मराठवाड्याच्या दुपटीच्या घरात पडतो, पण सच्छिद्र खडकातून तो खाली उतरतो आणि किनाऱ्याजवळ झऱ्यांच्या रूपाने वर येतो. बारमाही ओढे थोडे. त्यामुळे जुनी गावं किनाऱ्याला दाटली आणि डोंगराच्या अंगाला वस्ती विरळ राहिली. धो-धो पावसात राहून पाण्यासाठी झरा शोधत जायचं, हा प्रकार दुष्काळाहून वेगळा असला तरी डोक्यावरच्या हंड्याचं वजन तेवढंच.

गुहांकडे मात्र माणसं भीतीनेच पाहत. मांजांगला लागून असलेल्या गिम्न्योंग गुहेत मोठा साप राहतो, त्याला दरवर्षी एक मुलगी द्यावी लागते आणि १५१५ साली सो र्योन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तो मारला, अशी दंतकथा तिथे सांगतात.

ही भीती मोडली ती एका प्राथमिक शिक्षकाने. बू जोंग-ह्यू गिम्न्योंगच्या शाळेत शिकवत आणि वनस्पतींचाही अभ्यास करत. जपानी राजवट नुकतीच संपली होती. १९४६ साली त्यांनी तीसेक विद्यार्थी बरोबर घेतले आणि मांजांगमध्ये उतरले. ना बॅटऱ्या, ना दोर-खिळ्यांची शास्त्रशुद्ध सामग्री. हातात मशाली, पायात गवताच्या विणलेल्या चपला. पोरांमध्ये कामं वाटून दिलेली होती, कुणी उजेड धरायचा, कुणी मोजायचं. एका फेरीत गुहा संपली नाही, म्हणून ते पुन्हापुन्हा गेले, आणि गुहेला आजचं नावही त्यांनीच दिलं. गावाच्या पायाखाली काय आहे हे त्या गावच्या मुलांनीच आधी मोजावं, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. अजिंठ्याची आठवण होतेच. १८१९ मध्ये वाघूर नदीच्या दरीत शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली आणि त्याने दहाव्या लेण्याच्या भिंतीवर स्वतःचं नाव कोरून ठेवलं.

दोनच वर्षांनी त्याच बेटावरच्या गुहा लपायची जागा झाल्या. ३ एप्रिल १९४८ ला बेटावर डाव्या बंडखोरांनी केलेल्या उठावानंतर सरकारी दलांनी मोहीम उघडली. त्या वर्षीच्या शरद ऋतूत किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला, जो दिसेल तो शत्रू, असा हुकूम निघाला आणि डोंगराकडची गावं जाळली गेली. लोक मिळेल त्या गुहेत शिरले. दारांगशी गुहेत लपलेल्यांना तोंडाशी आग लावून धुराने मारण्यात आलं. त्यांचे अकरा सांगाडे १९९२ मध्ये सापडले, त्यांत बायका होत्या आणि एक लहान मूलही. हिंसाचार १९५४ पर्यंत चालला, बळींचा अंदाज पंचवीस ते तीस हजारांचा आहे, आणि राष्ट्राध्यक्षांनी सरकारच्या वतीने माफी मागायला २००३ साल उजाडलं. सहलीच्या कार्यक्रमात हे सहसा नसतं. असायला हवं.

मांजांग आणि गिम्न्योंग या गुहांना १९६२ मध्ये नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला, आणि पुढे जेजू हे नवविवाहितांचं आवडतं ठिकाण बनलं तशी गर्दी वाढली. २००७ मध्ये हल्लासान पर्वत, समुद्रातून वर आलेलं सोंगसान इलचुलबोंग आणि गोमुन ओरुमच्या गुहा मिळून जागतिक वारसा ठरल्या. नैसर्गिक वारशाच्या यादीत कोरियाचं हे पहिलंच नाव.

तोवर आणखी दोन गुहा हाती लागल्या होत्या. दांगचोमुल १९९५ मध्ये एका शेतकऱ्याला सापडली, तर योंगचोन २००५ मध्ये विजेचा खांब रोवताना. दोन्हींवर शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू पसरलेली आहे. तिच्यातून झिरपणारं पाणी चुना घेऊन खाली येतं आणि काळ्या लाव्हाच्या नळीत पांढरे लोंबते खांब घडवतं. योंगचोनच्या टोकाला तळंही आहे, आणि आत हजार-बाराशे वर्षांपूर्वीची मातीची भांडी मिळाली. कुठल्याही पर्यटन खात्याला मोह पडावा अशा या दोन्ही गुहा लोकांसाठी उघडलेल्याच नाहीत. माणसाच्या श्वासाने आणि दिव्यांनी चित्रांचं काय होतं हे अजिंठ्याने आपल्याला शिकवलं, फर्दापूरला गाड्या अडवून पुढे बसने नेण्याची पाळी आली. जेजूने ते शिकण्याची वेळ येऊ दिली नाही.

मांजांगमध्येही लोकांना सुमारे एक किलोमीटरच जाता येत असे, लाव्हाच्या त्या खांबापर्यंत. २०२३ च्या अखेरीस प्रवेशाजवळ दगड कोसळले आणि गुहा बंद करावी लागली, तेव्हा तिकडे जायचं ठरवताना ती उघडी आहे का ते आधी विचारलेलं बरं. पांढऱ्या चुन्याचा आणि काळ्या लाव्हाचा तो मेळ पाहायचाच असेल, तर पश्चिम किनाऱ्यावरच्या हल्लिम पार्कमधल्या ह्योप्जे आणि सांगयोंग या लहान गुहा लोकांसाठी खुल्या आहेत. उन्हाळ्यातही आत गारवा असतो, छत ठिबकतं आणि पायाखाली ओल असते, म्हणून स्वेटर आणि चांगल्या पकडीचे बूट घ्यावेत.